वर केलेला हात

बोलता बोलता शेजारच्या वहिनी एकदम उजवा हात वर करायच्या. तळवा समोर, बोटं जुळलेली, डोळे मिटलेले. चौकात गाडी अडवणाऱ्या पोलिसासारखा हात. आणि पुटपुटायच्या, "थांब... येऊ दे त्याले."

नवखा माणूस हमखास मागे वळून बघायचा. एकदा एक भाजीवाली त्यांच्या ओट्यासमोर उभी होती. तिनं मागे पाहिलं, कोणी दिसेना, तरी बिचारी टोपली उचलून बाजूला सरकली. येणाऱ्याला वाट नको का द्यायला? बराच वेळ कोणीच येईना तेव्हा तिनं मला हळूच विचारलं, "कोन येऊन राह्यलं जी?"

"त्यांचा श्वास," मी म्हटलं.

तुम्ही त्यांच्यासमोर बसला असता तर तुम्हीही वळला असता. त्यांचा श्वास बाहेरगावी राहायचा आणि बोलावल्यावर सवडीनं यायचा. आला की डोळे उघडायच्या, वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचलायच्या, आणि मधल्या वेळात आपण काही बोललो असलो तर ते ऐकलंच नाही असं दाखवायच्या.

आमची गल्ली सिंदीतली, म्हणजे रेल्वेच्या सिंदीतली. गल्लीच्या टोकाला कापसाचं जिनिंग. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की सरकी काढणारी यंत्रं, रेचे, सुरू होतात आणि रुईची बारीक धूळ गल्लीभर उडते. तुळशीवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, दुधाच्या सायीवरही बसते. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि स्वतःला फार काहीतरी समजत होते. खळ घातलेली साडी, तोंडावर पावडरचा थर, मनगटाला अत्तर, आणि केसांवर रुई बसू नये म्हणून ऐन थंडीत डोक्यावर उघडलेली छत्री. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि बाई छत्री घेऊन निघाल्यात. पोरं मागून "पाऊस आला, पाऊस आला" ओरडायची आणि या शहाणीला वाटायचं, पोरं कविता पाठ करताहेत. आता केस रुईवाचूनच पांढरे झालेत. ती छत्री कुठं गेली तेही आठवत नाही.

वहिनी तेव्हा त्याच जिनमध्ये कामाला होत्या. कापसाच्या ढिगावरून टोपली भरायची, नेऊन रेच्यावर ओतायची, पुन्हा भरायची. संध्याकाळी परतायच्या तेव्हा भुवया, पापण्या, सगळं पांढरं. माझी छत्री बघून पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "काऊन व मास्तरीणबाई, तुह्या डोक्यावर काही येगळं आभाळ हाय का?"

'मास्तरीणबाई' म्हणून मान द्यायचा आणि लगेच 'तू' म्हणून तो काढून घ्यायचा, ही त्यांची रीत शेवटपर्यंत टिकली.

रेच्यांच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळे आवाज असा की ओट्यावरून मुलाला हाक मारली तर स्टेशनवर गाडीत बसलेली माणसं खिडकीतून डोकावतात, असं माझे मिस्टर म्हणायचे. सुटीनंतर कामावर गेलं की छाती आवळून येते, असं वहिनी तेव्हाही सांगायच्या. "मले सुटीच मानवत नाई," म्हणून हसायच्या. आम्हीही हसायचो. घरी आल्यावर चुलीचा धूर होताच. नवरा लवकर गेला. मुलाला त्यांनी त्या टोपलीच्या जोरावर शिकवलं. तो पुण्याला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि इकडे ती स्टेशनापर्यंत जाणारी हाक आमच्या दोघींमधल्या भिंतीपलीकडेही येईनाशी झाली. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं झिजली आहेत, पहिल्यासारखी होणार नाहीत; औषध ओढायचं, धूर-धुळीपासून लांब राहायचं आणि जपून बोलायचं.

शेवटची अट ऐकून वहिनींनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, की त्यांनीच मान खाली घालून चिठ्ठी लिहायला घेतली.

आता सगळ्या सणांत नेमकी दिवाळी यांच्या वाईटावर. तेव्हाच जिन जोरात, तेव्हाच फटाके, तेव्हाच पहाटेचा गारवा, शेतात जाळलेल्या काडीकचऱ्याचा धूर, घराघरांतला धूप. दिवाळी आली की वहिनींच्या खोलीच्या खिडक्या बंद. दाराच्या फटीला ओलं धुडकं. गल्लीतल्या बाया फराळाची ताटं घेऊन यायच्या, ओट्यावर ठेवायच्या, काचेवर टकटक करून "काकू, चिवडा ठेवला जी" म्हणायच्या आणि निघून जायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. कोणाच्या साडीला धुराचा वास, कोणाच्या केसांत गजरा, कोणी उटणं लावून आलेली. आत आलं की वहिनींना खोकला सुटायचा आणि त्या बाईलाच चोरट्यासारखं व्हायचं. मग आतच यायचं नाही, हे बरं. वहिनी काचेआडून हात हलवायच्या. दिवाळी त्यांच्या खिडकीवरून अशी दरवर्षी जात होती, मिरवणूक जावी तशी.

मला मात्र आत मुभा होती. बिनवासाच्या साबणानं आंघोळ, धुतलेलं साधं पातळ, डोक्याला तेल नाही, फूल नाही. अत्तर लावणारी ती जुनी मास्तरीण मला तशी बघती तर म्हणाली असती, ही कोण विटलेली बाई? म्हणू दे बापडीला. ती छत्रीवाली.

ज्या दिवाळीची गोष्ट सांगते आहे, तिच्या थोडं आधी वहिनींकडे ऑक्सिजनचं मशीन आलं. उशीच्या शेजारी ठेवलेलं, लहान कपाटाएवढं, दिवसभर घर्र घर्र करणारं. त्याची नळी कानांमागून येऊन नाकाशी. "घरातच... रेचा आला," वहिनी म्हणाल्या. "कापूस नाई... नुसता आवाज."

मुलाला त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. त्याला माहीत होतं ते एवढंच की आईला दमा आहे. मला ताकीद होती. "त्याले सांगशील... तर माह्या दारात... पाय नको ठेवजो."

मुलाचा व्हिडिओ कॉल असला की तयारी सकाळपासून. त्या दिवशी वहिनी कोणाशी बोलायच्या नाहीत. माझ्याशीही नाही. श्वास राखून ठेवायचा. कॉलच्या वेळी उशा लावून ताठ बसायच्या, मशीन मला बंद करायला लावायच्या, नाकातली नळी काढून गादीखाली सरकवायच्या, गालावरचे नळीचे वळ पदरानं पुसायच्या. वळ पुसून जातात का? पण पुसायच्या. मग फोन लागायचा आणि पलीकडे मुलगा, मांडीवर नात.

"आई, कशी आहेस?"

"मस्त," वहिनी म्हणायच्या. एक शब्द, पण असा खणखणीत की मला वाटायचं यांचा आजार म्हणजे माझाच भ्रम.

चार-पाच वाक्यं निघायची. मग हात वर. हा हात वर झाला की मी कॅमेऱ्यात डोकं घालायचं आणि बडबड करायची, हे आमचं ठरलेलं. शाळेत जन्म गेला, बडबडीला मी कुठं कमी पडते? बोरधरणाला पाणी किती, सिंदीच्या बाजारात वांगी कशी, कोणाची सून रुसली, जे तोंडात येईल ते. तोवर वहिनी बाजूला तोंड करून ओठांचा चंबू करत हळूहळू श्वास सोडायच्या. आला की मला कोपरानं ढोसायच्या. मी गप्प.

एकदा फोन बंद व्हायच्या आधी मुलगा बायकोला सांगताना मला ऐकू आलं, "काकू आईला बोलूच देत नाहीत."

वहिनींनी ते ऐकलं. तोंडात पदर कोंबून हसल्या. हसायला श्वास लागतो, मग खोकला, मग पुन्हा मशीन. माझी मात्र पुण्यापर्यंत बदनामी झाली ती झालीच.

त्या दिवाळीत मुलगा येणार नव्हता. त्याआधीची दिवाळीही तशीच फोनवर गेली होती. त्याला सुटी थोडी, नातीची शाळा. नरक चतुर्दशीच्या सकाळी वहिनींनी फोन पाटावर उभा केला, मागे तांब्या टेकू म्हणून. माझ्याकडून पाटाभोवती रांगोळी काढून घेतली. मुलाला ओवाळायचं होतं. पण मशीन असलेल्या खोलीत ज्योत पेटवायची नाही, डॉक्टरांचा कडक हुकूम. म्हणून निरांजनात तूप होतं, वात होती, फक्त ज्योत नव्हती. पेटता दिवा मी खिडकीबाहेर ओट्यावर ठेवला होता.

"आई, निरांजन का नाही लावलं?" मुलानं विचारलं.

"वारा हाय," वहिनी म्हणाल्या. खिडक्या बंद, दाराला धुडकं, पंखासुद्धा थांबलेला.

मग त्यांनी न पेटलेलं निरांजन फोनभोवती फिरवलं, अक्षता टाकल्या, आणि कुंकवाचं बोट मुलाच्या कपाळावर, म्हणजे काचेवर, टेकवलं. फोन कट. मागच्या दिवाळीतही हेच झालं होतं. मी सांगून पाहिलं, वहिनी, काचेला बोट लावायचं नसतं. तर म्हणाल्या, "मंग कुंकू... हवेत लावू का?" पुन्हा फोन लावला, पुन्हा टिळा, पुन्हा कट. "माह्यं कुंकू लागलं... का पोरगं गायब."

तिसऱ्यांदा मुलानंच लावला. काचेवरच्या लाल डागाआडून त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. तो हसत म्हणाला, "आई, तू किती छान दिसतेस. उगाच काळजी वाटत होती. मग आता घाईत येत नाही, उन्हाळ्यात सवडीनं येतो."

"ये," वहिनी म्हणाल्या. "सवडीनंच... ये."

फोन बंद झाल्यावर मी मशीन लावलं, नळी त्यांच्या हातात दिली. बाहेर पोरं लवंगी फटाक्यांची माळ लावत होती. वहिनींनी पाटावरचा फोन उचलला, काचेवरचं कुंकू पुसायला पदर नेला आणि तसाच थांबवला. पुसलं नाही. फोन लाल डागासकट उशाशी ठेवला.

मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, तुम्ही एवढ्या छान दिसता म्हणूनच तो येत नाही. नळी दिसू द्या एकदा, उद्या हजर होईल."

त्यांनी हात वर केला. मी थांबले. श्वास आला तशी त्यांनी हातातली नळी नाकाशी लावली.

"येईन ना तो," मग म्हणाल्या. "मले पाहाले... येईन, का मशीन पाहाले?"

मी पाट उचलून भिंतीशी ठेवला.

पाडव्याला संध्याकाळी पुन्हा कॉल आला. सकाळपासून वहिनींनी मौन धरलेलं. नळी गादीखाली, मशीन बंद, मी बाजूला दबा धरून. या वेळी समोर एकटी नात होती, नव्या फ्रॉकमध्ये. तिनं "हॅलो आजी" म्हटलं नाही. तिनं उजवा हात वर केला. तळवा समोर, बोटं जुळलेली, डोळे घट्ट मिटलेले.

मागून मुलाचा आवाज आला, "ही हल्ली सगळ्यांना असंच करते आई. बिल्डिंगमधल्या आजोबांनाही. म्हणते, आमच्याकडे नमस्कार असाच करतात."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. नातीनं एक डोळा किलकिला करून बघितलं आणि विचारलं, "आजी, तुझा आला का? माझा आला."

मी तोंड उघडलं. बोरधरणाचं पाणी ओठांवर तयार होतं. तेवढ्यात वहिनींचा हात वर झाला, पण या वेळी तो माझ्यासमोर होता. मला थांबवलं त्यांनी. मग तोच हात फोनकडे वळवून नातीसमोर धरला. तोंड फिरवलं नाही, पदर घेतला नाही. तिच्या देखत ओठांचा चंबू केला आणि श्वास सोडला, घेतला, पुन्हा सोडला. गळ्याजवळची हाडं वर-खाली होत होती. पलीकडे नात तळवा धरून बसली होती, अगदी शहाण्यासारखी. मुलगा तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. एवढ्या वर्षांत त्या खोलीत मी गप्प बसलेली ही पहिलीच वेळ असेल.

वहिनींनी गादीखाली हात घातला. नळी काढली, कानांमागून घेतली, नाकाशी लावली. मला म्हणाल्या, "चालू कर."

मी बटण दाबलं. घर्र घर्र सुरू झालं.

"आई, हे काय?" मुलाचा आवाज बारीक झाला. "हे कधीपासून?"

"पाह्य," वहिनी म्हणाल्या. "हे... असं हाय." हात वर. आम्ही सगळे थांबलो. "पन मशीन पाहाले... नको येजो. मले पाहाले... ये."

मुलाला काही बोलता येईना. नातच म्हणाली, "बाबा, तुमचा येत नाहीये का?"

तुळशीचं लग्न लागायच्या आत तिघंही आले. येताना फटाके नाहीत, अत्तर नाही. सुनेनं कपडेसुद्धा बिनवासाच्या साबणानं धुतले होते. त्या बंद खिडक्यांच्या खोलीत चौघं नुसती बसायची. नात मशीनला टेकून चित्रं काढायची, त्याची घरघर तिला आवडायची. ज्योत लागायची नाहीच. मुलाला पाटावर बसवून वहिनींनी तसंच न पेटवलेलं निरांजन फिरवलं आणि कपाळाला कुंकू लावलं. लावून बोट तिथंच ठेवलं. मी म्हटलं, "वहिनी, या वेळी नाही कट होत." त्या हसल्या नाहीत. मुलगाही हसला नाही. काही विनोद माझ्याच मालकीचे राहतात.

थंडी संपता संपता मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथं जिन नाही, मोठे डॉक्टर आहेत, नात आहे. जाणं बरोबरच होतं. मोटारीत मागच्या सीटवर वहिनी, मांडीशी लहान मशीन. गल्ली सगळी ओट्यांवर आलेली. मी काचेशी गेले आणि नको तितकं बोलू लागले, तर त्यांनी हात वर केला. मी थांबले. मोटार निघाली. त्यांना काही सांगायचं होतं की मला गप्प करायचं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर फोन त्यांचा यायचा. दुपारी, गल्ली निजलेली असताना. सुरुवातीला मी जुन्या सवयीनं बोलत सुटायचे. एकदा म्हणाल्या, "मास्तरीणबाई... चालू राहू दे... बोलाचं काम नाई." मग आम्ही तसंच करायला लागलो. मी फोन तांब्याला टेकून ठेवायची आणि तुरीच्या शेंगा सोलायची. तिकडे त्या खुर्चीत बसलेल्या, नाकात नळी, खिडकीतलं ऊन गुडघ्यांवर. मध्येच एखादा शब्द. "किडकी हाय... ते काढ." मी शेंग बाजूला टाकायची. त्यांना इतक्या लांबून दिसायचं. पुढच्या दिवाळीत असाच फोन उभा करून मी त्यांच्यासमोर चकल्या पाडल्या आणि त्यांनी प्रत्येक चकलीला नाव ठेवलं. पोट भरलं माझं.

माझी स्वतःची मुलंही फोन करतात. छान बोलतात, भराभर बोलतात, त्यांना दुसरे फोन असतात. एवढ्या भराभर बोलणाऱ्या माणसासमोर शेंगा सोलता येत नाहीत.

या पावसाळ्यात वहिनी गेल्या. मुलानं फोन करून सांगितलं. पुण्याला जाणं मला झेपलं नाही.

आता दसरा झाला, रेचे सुरू झाले. त्यांच्या ओट्यावर रुईचा पातळ थर बसतो. झाडणारं कोणी नाही, मी झाडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. गल्लीतल्या बाया फराळ माझ्या हातात देतात. तरी परवा एकीनं नकळत त्यांच्या काचेवर टकटक केलं, मग जीभ चावली आणि ताट घेऊन माझ्याकडे आली.

नरक चतुर्दशीच्या सकाळी मी आंघोळ करून बसले होते. सवयीनं बिनवासाचाच साबण. फोन वाजला. पुण्याचा. मी घाईघाईनं उचलला, मनात बोलायचं बरंच रचून ठेवलं होतं, नव्या फ्रॉकचं, शाळेचं, चकल्यांचं.

समोर नात होती. पुढचे दोन दात पडलेले. तिनं हात वर केला. तळवा समोर.

मी तोंड उघडलं, पण एक शब्द येईना. फुप्फुसं माझी धडधाकट, डॉक्टर कौतुक करतात. तरी येईना. मग मीही हात वर केला.

तिनं डोळे मिटले आणि माझा येईपर्यंत थांबली.